न आलेल्यांची यादी

डॉक्टरला दिसतो तो बाकावर बसलेला पेशंट. बाक भरलेला असला की प्रॅक्टिस जोरात, रिकामा असला की मंदी, असा आमच्या धंद्याचा सरळ हिशोब. पण ज्याची साखर तीनशेच्या पुढं गेली आहे आणि तरी जो "बरं वाटतंय की" म्हणत घरी बसला आहे, तो बाकावर नसतो. त्याचा केसपेपर लोखंडी रॅकमध्ये, गावाच्या गठ्ठ्यात, दोऱ्यानं बांधून निवांत पडलेला असतो. आणि कागद काही आपणहून उठून सांगत नाही की माझा मालक गेल्या पावसाळ्यापासून इकडं फिरकलेला नाही.

दवाखान्यात कॉम्प्युटर आणून काय मिळालं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एवढंच असतं : न आलेल्यांची यादी. छापील चिठ्ठी, टोकन, बिलं, महिन्याचा हिशोब हे सगळं बरं आहे, पण त्यावाचून माझं काही अडलं नव्हतं.

आमचा दवाखाना विट्यात. सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुका म्हणजे पावसानं कायम हात आखडता घेतलेला मुलूख. त्यामुळं इथली माणसं पिढ्यानपिढ्या बाहेर पडली, ती गलाईच्या धंद्यात. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवायचं, शुद्ध करायचं. आणि हे करायला तमिळनाडूपासून बंगालपर्यंत कुठंही जाऊन राहायचं. जे राहिले त्यातले बरेच यंत्रमागावर. म्हणजे माझ्या पेशंटांपैकी निम्मे रात्रपाळीमुळं दिवसा झोपलेले आणि उरलेल्यांच्या घरातला एक तरी माणूस हजार किलोमीटरवर. अशा गावात "तीन महिन्यांनी या" हे वाक्य चिठ्ठीवर लिहिणं सोपं आहे. ते पाळलं गेलं की नाही हे कळायला मात्र काही साधन नव्हतं.

साधन नव्हतं म्हणणंही पूर्ण खरं नाही. मामा होते. मामा म्हणजे आमचे कंपाउंडर, रॅकचे एकमेव जाणकार. गठ्ठे गावाप्रमाणं, गावात भावकीप्रमाणं, आणि भावकीत मामांच्या मनाप्रमाणं. पेशंट दारात चप्पल काढेपर्यंत मामांच्या हातात त्याचा कागद असे. नाव विचारायची पद्धतच नव्हती. "वरच्या आळीतला, ट्रॅक्टरवाला" एवढ्यावर काम भागायचं. कोण आलं नाही हेही त्यांच्या बऱ्यापैकी लक्षात असायचं, पण बऱ्यापैकीच. आणि मामा लग्नसराईत आठ दिवस गावी गेले की सगळा दवाखाना आंधळा व्हायचा.

कॉम्प्युटरला मामांचं ज्ञान शिकवायला गेलो तेव्हा पहिली ठेच नावाला लागली. कॉम्प्युटरला नाव लागतं, आणि आमच्याकडं माणसाला एक नाव नसतं. आधारवर एक, गावात दुसरं. बायकांची तर दोन पूर्ण नावं : बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, नंतर नणंदेबरोबर आली तेव्हा सासरचं. दोन नोंदी, दोन नंबर, आणि पहिल्या नोंदीत लिहिलेली "पेनिसिलिनची ॲलर्जी" दुसरीत नाही. जन्मतारीख विचारली तर "लिहा की साठ-पासष्ट". बरं, मोबाईल नंबरावरून शोधावं तर एका नंबरावर अख्खं घर उघडतं : आजोबा, दोन सुना, पाच नातवंडं आणि कधीकाळी शेतावर कामाला असलेला एक गडी.

यावर सॉफ्टवेअर कंपनीकडं तयार उत्तर नव्हतं. आमच्या ताईंकडं होतं. (ताई म्हणजे काउंटर सांभाळणाऱ्या; मामांनी आवरतं घेतल्यावर दवाखान्याचा कारभार त्यांच्याकडं आला.) त्यांनी दोन सवयी लावल्या. बाईमाणूस आलं की नाव लिहिण्याआधी "माहेर कुठलं?" हा प्रश्न, माहेरचं गाव आणि आडनाव शेऱ्याच्या रकान्यात. आणि मोबाईल नंबर घेताना, "हा फोन कुणाच्या हातात असतो?" हा दुसरा. पहिल्या प्रश्नानं दुहेरी नोंदी सापडायला लागल्या. दुसऱ्याचं महत्त्व पुढं कळलं.

व्यवसायाच्या रकान्याचंही तसंच. आमच्याकडं कुणालाही विचारा, शेतीच सांगतो. सात-बाऱ्यावर नाव आहे ना, मग शेतीच. तीस वर्षं भट्टीपुढं नायट्रिक ॲसिडच्या वाफा घेतलेला माणूसही शेती, आणि मागाच्या खडखडाटात कान गमावलेलाही शेती. "आता काय करता?" याऐवजी "आधी काय करत होता?" असं विचारायला सुरुवात केल्यावर खोकल्याच्या काही जुन्या केसपेपरांकडं मी नव्यानं पाहिलं. ही अक्कल कॉम्प्युटरची नव्हे. पण रिकामा रकाना समोर लुकलुकत असल्याशिवाय ती मला सुचली असती असं वाटत नाही.

लॉरेन्स वीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ साली एक साधी वाटणारी गोष्ट मांडली होती : पेशंटचा कागद तारखेप्रमाणं नव्हे, त्याच्या तक्रारींप्रमाणं लिहा. वरती त्याच्या आजारांची चालू यादी असू द्या आणि प्रत्येक नोंद त्यातल्या कुठल्या तरी आजाराला बांधलेली असू द्या. कॉलेजात हे पाठ केलं होतं, प्रॅक्टिसमध्ये मात्र "ताप ३ दि., गोळ्या दिल्या" याच्या पुढं कधी गेलो नव्हतो. कागदावर जागा नसते, वेळ तर नसतोच. पडद्यावर ती यादी आपोआप डोक्यावर येऊन बसते : मधुमेह, रक्तदाब, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन, सल्फाची ॲलर्जी. सर्दीसाठी आलेल्या माणसाच्या सर्दीपलीकडं बघायला तेवढं पुरतं.

आणि आजारांची यादी झाली की उलटा प्रश्न विचारता येतो. मधुमेह असलेले किती, आणि त्यातले सहा महिन्यांत न आलेले कोण? आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय एका मेन्यूच्या तळाशी लपलेली होती. विकायला आलेल्या मुलानं डेमोत ती दाखवलीच नव्हती. त्यानं दाखवला होता उत्पन्नाचा रंगीत गोल तक्ता. त्याला वाटलं असणार, डॉक्टरला यातच रस.

पहिल्यांदा यादी काढली तेव्हा प्रिंटरमधून पानं येतच राहिली. शेकडो नावं. त्यातली कित्येक मला चेहऱ्यानिशी आठवत होती आणि ती येत नाहीत हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मधुमेहात तीन महिन्यांचा हिशोब काही डॉक्टरांच्या सोयीचा नाही. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. तिच्यावर चढलेली साखर मोजली की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, म्हणून ती तपासणी तेवढ्या अंतरानं. वर्षातून एकदा लघवीतलं प्रथिन, वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा. मूत्रपिंड आणि डोळा दोघंही बिघडताना चकार शब्द काढत नाहीत. पेशंटला "बरं वाटतंय" ते खरंच वाटत असतं.

मग ताई फोनला बसल्या. दुपारी दोन ते चार, ओपीडी नसताना, रोज थोडे थोडे. मी आधी कंपनीच्या सल्ल्याप्रमाणं एसएमएस लावले होते. त्यांचा उपयोग जवळपास शून्य. आमच्याकडं एसएमएस म्हणजे बँक आणि रिचार्ज. तो कुणी वाचत नाही. फोनवर ताईंचा आवाज आला की माणूस आधी दचकतो ("काय वो, रिपोर्टमध्ये काय निघालं का?"), मग सैलावतो, मग बोलायला लागतो.

ही उत्तरं ऐकत बसण्यासारखी होती. एकजण म्हणाला, द्राक्षाची छाटणी चाललीय, माणसं मिळंनात, झाल्यावर येतो. एका मावशींच्या गुडघ्यानं एसटीची पायरी चढवत नव्हती. एकानं गोळ्या बंद करून कुठलासा काढा चालू केला होता आणि तो अभिमानानं सांगत होता. एक पेशंट माझ्याकडून दुसऱ्या डॉक्टरांकडं गेला होता. त्यानं ते सांगताना जी अवघडलेली सारवासारव केली ती ताईंनी मला जशीच्या तशी करून दाखवली. पैशाचं कारण कुणीच तोंडानं सांगितलं नाही, पण "पुढच्या महिन्यात बघू" हे तिसऱ्यांदा ऐकलं की ताई समजायच्या आणि रकान्यात नुसती एक टिंबाची खूण करायच्या. त्या खुणेचा अर्थ आम्हा दोघांनाच माहीत. अशा माणसाला आधी सगळ्या तपासण्या लिहून द्यायच्या नाहीत, एकच लिहायची.

आणि काही फोन असे, की पलीकडून बाई म्हणायची, "ते गेले की दिवाळीच्या आधी." सॉफ्टवेअरमध्ये ते "ॲक्टिव्ह". त्यांच्या नावापुढं हिरवा ठिपका. ताईंनी पहिल्यांदा असं ऐकलं त्या दिवशी त्यांनी पुढचे फोन केले नाहीत. नंतर त्यांनी एक युक्ती काढली : प्रत्येक गावातल्या एखाद्या ओळखीच्या पेशंटला आधी फोन, "गावात सगळे बरे आहेत ना?" मग यादी.

आता यातला पेच. माझ्या एका मित्रानं, तोही डॉक्टरच, स्पष्ट विचारलं : हे गिऱ्हाईक गोळा करणं नाही का? प्रश्न खोचक असला तरी खोटा नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेत, २००२ च्या नियमावलीत, पेशंटला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आमंत्रण देणं निषिद्ध आहे. वर्तमानपत्रात जाहीर निवेदन द्यायची मुभा आहे ती मोजक्या प्रसंगी : प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही काळ गैरहजर राहणार आहे, पुन्हा रुजू झालो. म्हणजे डॉक्टर गावाला गेला तर गावभर सांगता येतं. पेशंट गायब झाला तर काय करावं यावर मात्र नियमावली गप्प आहे. गंमत म्हणजे त्याच नियमावलीत कागदपत्रं चटकन सापडावीत म्हणून ती संगणकावर घ्यायचा प्रयत्न करावा असंही लिहिलेलं आहे. आंतररुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं जपायची, आणि पेशंटनं मागितली तर ७२ तासांत द्यायची.

मी माझ्यापुरता एक पायंडा घातला. ज्याला मी स्वतः "अमुक महिन्यांनी या" असं लिहून दिलं आहे आणि ज्यानं फोन करायला हो म्हटलं आहे, त्यालाच फोन. नवीन पॅकेज, शिबिर, सवलत यासाठी कधीच नाही. आणि फोनवर ताईंनी "डॉक्टरांनी बोलावलंय" म्हणायचं नाही. "तपासणीची तारीख होऊन गेलीय, कुठंही करा, पण करा" म्हणायचं. या "कुठंही करा"नं थोडी कमाई बुडते. बुडू दे.

सरकारच्या क्षयरोग खात्याला हे शहाणपण आमच्या कितीतरी आधी आलेलं होतं. टीबीचं औषध मध्येच सोडणारा माणूस हाच त्या कार्यक्रमाचा मुख्य शत्रू, त्यामुळं तिथं न आलेल्याला शोधत जाणं हेच मूळ काम. २०१२ पासून खासगी डॉक्टरलाही प्रत्येक टीबी पेशंटची नोंद कळवणं बंधनकारक झालं आणि त्याच साली निक्षय ही ऑनलाइन नोंदणी आली. सुरुवातीला मीही ती सरकारी कटकट म्हणून भरत होतो. पण माझ्याकडून औषध घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या पेशंटचा माग त्या नोंदणीमुळं राहतो हे पाहिल्यावर कुरकुर थांबली. खासगी दवाखान्यातल्या मधुमेहासाठी असं बंधन नाही. तिथं ताईच आहेत.

आता गलाईवाल्यांकडं येतो, कारण त्यांनी माझी प्रॅक्टिस सगळ्यात जास्त बदलली. आईवडील गावात, मुलगा कोइमतूरला. पूर्वी मुलगा वर्षातून एकदा यायचा आणि तेव्हा दोन तास बसून सगळं विचारायचा. मोबाईल आल्यावर तो रोज विचारू लागला. व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो, तोही तिरका, अर्धा अंगठ्याखाली झाकलेला, आणि खाली, "डॉक्टर, आप्पांची गोळी वाढवायची का?"

फोनवरून औषध सांगावं की नाही, यावर डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं कुजबुजत होती. २५ मार्च २०२० ला, लॉकडाउन सुरू झाला त्याच दिवशी, केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि निदान एक रेघ आखली गेली. पहिल्या भेटीला कुठली औषधं देता येतील, जुन्या पेशंटला कुठली पुढं चालू ठेवता येतील, झोपेच्या नि नशेच्या वर्गातली कुठली फोनवरून देताच येणार नाहीत, हे यादीनिशी स्पष्ट झालं. त्यातली एक तरतूद आमच्या गावासाठी फार महत्त्वाची. पेशंट समोर नसताना नातेवाइकाशी बोलून सल्ला द्यायचा तर पेशंट लहान मूल किंवा स्वतः बोलू न शकणारा हवा, नाहीतर त्यानं त्या नातेवाइकाला तसा रीतसर अधिकार दिलेला हवा. म्हणजे कोइमतूरच्या मुलानं विचारलं म्हणून आप्पांची गोळी वाढवायची नाही. आप्पांना लाइनवर घ्यायचं. आप्पा लाइनवर आले की निम्म्या वेळा कळतं की आधीचीच गोळी ते घेत नाहीत.

काही वडिलांनी मुलाच्या नावे संमतीचा कागद सही करून दिला आहे. तो स्कॅन करून नोंदीला जोडला की पडद्यावर नावाशेजारी छोटी खूण येते. एका आप्पांनी मात्र ठणकावून सांगितलं, "पोराला काय कळवायचं न्हाय. सुनेच्या कानावर गेलं की माझा चहा बंद." त्यांच्या नोंदीवर मोठ्या अक्षरात तसं लिहून ठेवलंय. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली आला. आप्पांचा चहा त्याच्या आधीपासून सुरक्षित आहे.

इथंच ताईंच्या त्या दुसऱ्या प्रश्नाची किंमत कळली. फोन कुणाच्या हातात असतो? सून पाळी चुकली म्हणून तपासायला येते आणि घरचा नंबर म्हणून दिराचा नंबर देते. लॅबचा रिपोर्ट आपोआप त्या नंबरावर गेला की बातमी तिच्या आधी घरी पोचते. म्हणून आमच्याकडं रिपोर्ट आपोआप जाण्याची सोय बंदच आहे. आठवणीच्या निरोपातही आजाराचं, तपासणीचं नाव नसतं, फक्त तारीख. काही बायका सांगतात, "ह्या नंबरवर कायच पाठवू नका, मी बाजारच्या दिवशी येऊन घेऊन जाते." सोमवारच्या बाजाराला आमचा प्रिंटर जास्त चालतो तो यामुळं.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन (आरोग्याच्या नोंदी ऑनलाइन जोडायची केंद्राची योजना) आणि त्यात प्रत्येकाला मिळणारा १४ आकडी आभा क्रमांक यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. कल्पना आमच्यासारख्या स्थलांतरी गावासाठीच काढली आहे की काय, इतकी चपखल आहे : माणूस कुठंही जावो, त्याच्या संमतीनं त्याचे कागद तिथं उघडावेत. पण त्यासाठी तिकडच्या डॉक्टरनंही या गाड्यात बसायला हवं. तोवर पेशंटचा पहिला प्रश्न, "हेच ना ते पाच लाखांचं कार्ड?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो आणि कार्ड पिशवीत परत जातं. तोवर आम्ही एक पानाचा गोषवारा छापून देतो : आजारांची नावं इंग्रजीत, म्हणजे कोइमतूरच्या डॉक्टरला लागतील, आणि "सकाळी जेवणाआधी १" हे मराठीत, म्हणजे आप्पांना लागेल. माझ्या मते दवाखान्यातला सगळ्यात उपयोगी शोध हे मराठीतलं "जेवणाआधी" आहे. छापील चिठ्ठीबद्दल समोरचा मेडिकलवाला मात्र नाराज आहे. माझं अक्षर वाचता येणारा तालुक्यात तो एकटाच होता.

पडदा आधी माझ्याकडं तोंड करून होता. मी टाइप करत बसायचो आणि पेशंट माझ्या कानशिलाशी बोलायचा. टेबल फिरवून घेतलं, आता तो दोघांना दिसतो. एका आजींना मी त्यांच्या रक्तदाबाचा वर्षाचा आलेख दाखवला. त्यांनी पदरानं चष्मा पुसला, रेघेवर बोट ठेवलं. "ही रेघ माझी व्हय?" म्हटलं हो. "मग पावसाळ्यात वर कशापायी गेलीया?" मी तारखा बघितल्या. त्यांनीच उत्तर दिलं, "पंढरीला गेल्ते. गोळ्या घरीच ऱ्हायल्या." एवढा नेमका इतिहास मी तोंडी विचारून कधी मिळवला नसता. आता आषाढीच्या आधी वारकऱ्यांची वेगळी यादी निघते आणि महिन्याच्या गोळ्या आधी दिल्या जातात.

नवीन सॉफ्टवेअर घेणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी एकच प्रश्न विचारायला सांगतो : उद्या तुम्हाला सोडून दुसरीकडं जायचं ठरवलं, तर माझा डेटा मला कुठल्या स्वरूपात मिळेल? विक्रेता विषय बदलून रंगीत तक्ता दाखवायला लागला तर चहा पाजून वाटेला लावा. शिवाय रोजचा बॅकअप दवाखान्याबाहेर ठेवा आणि कोऱ्या केसपेपरांचा एक गठ्ठा कायम हाताशी असू द्या. वीज आमच्याकडं अजूनही जाते.

सध्या ताईंचा कंपनीशी एक वाद चालू आहे. त्यांना "का आला नाही" असा स्वतंत्र रकाना हवा आहे. छाटणी, गुडघा, पैसे, वारी, बाहेरगावी अशा पर्यायांसह. कंपनी म्हणते, अशी मागणी देशात कुणीच केलेली नाही. ताई म्हणतात, मग देशात कुणी फोनच करत नसणार. दसऱ्याला पालख्यांच्या शर्यतीसाठी सगळे गलाईवाले गावात उतरतात आणि चार दिवसांत परत जातात. त्यात अख्ख्या घराच्या तपासण्या उरकायच्या असतात, त्याही नऊ दिवस साबुदाणा आणि भगर खाऊन बसलेल्या माणसांच्या. उपाशीपोटीच्या साखरेवर त्या आठवड्यात माझा काडीचा विश्वास नसतो, म्हणून सगळ्यांची तीन महिन्यांची सरासरीच बघतो, आणि त्यासाठी लॅबवाल्याला आधीच जादा किट मागवायला सांगावं लागतं. यंदा ताईंनी ती यादी श्रावणातच काढायला घेतली आहे, आणि रकाना मिळेपर्यंत कारणं लाल पेनानं वहीत लिहिताहेत.